पाळीचा हक्क आणि सुटीचा सौदा

जमीन वाटतां येते, घर वाटतां येतें, घरांतील भांडींकुंडींही वाटतां येतात. परंतु जी वस्तु तोडली असतां निकामी होते तिची वाटणी कशी करावी, हा प्रश्न आपल्या पूर्वजांपुढें वारंवार आला. विहिरीचे चार तुकडे करून चार भावांस देतां येत नाहींत, कुलदेवतेची मूर्ति चौघांत फोडतां येत नाहीं, आणि पाटलाचा मान एकाच दिवशीं दोन डोक्यांवर ठेविला तर गांवांत तंटा उभा राहतो. अशा प्रसंगीं त्यांनीं वस्तु अखंड ठेविली आणि काळाचे तुकडे पाडले. एकानें दोन दिवस मोट धरावी, दुसऱ्यानें पुढचे दोन दिवस. एका घरानें यंदां पूजा करावी, दुसऱ्यानें पुढील वर्षीं. या व्यवस्थेस मराठींत अगदीं साधा व जुना शब्द आहे. तो म्हणजे पाळी.

हल्लीं थंड हवेच्या ठिकाणीं किंवा समुद्रकांठीं असलेल्या विश्रामगृहांतील खोलीची वर्षांतून एक आठवड्याची पाळी, पंचवीस-पंचवीस वर्षांकरितां, एकरकमी किंवा हप्त्यांनीं विकत घेण्याचा जो व्यवहार ‘टाइमशेअर’ या नांवानें चालतो, तो पुष्कळांस अपूर्व वाटतो. त्यांतही आपली पाळी एका ठिकाणची असली तरी ती देऊन दुसऱ्या ठिकाणची घेतां येते, लोणावळ्याची देऊन मनालीची आणि मनालीची देऊन परदेशांतील एखाद्या सरोवराकांठची, असें ऐकलें म्हणजे मध्यम स्थितीच्या कुटुंबास मोठा मोह पडतो. आमच्या मतें या व्यवहाराचें खरें स्वरूप जाहिरातींवरून कळत नाहीं. तें पाळीच्या इतिहासावरून कळतें. म्हणून तो इतिहास थोडक्यांत, आणि त्यावरून निघणारा निर्णय शेवटीं, वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

विवेचनास एखादें गांव डोळ्यांपुढें असलेलें बरें. हिंगोली जिल्ह्यांत, औंढा नागनाथ तालुक्यांत, जवळा बाजार म्हणून गांव आहे. त्याच्या नांवांतच बाजार आहे. आणि आठवडी बाजार ही तरी दुसरी कोणती वस्तु आहे? मोकळ्या जागेवर एका वारीं दुकानें मांडलीं जातात आणि इतर वारीं ती जागा पुन्हां मोकळी होते. व्यापारी एका वारीं या गांवीं, दुसऱ्या वारीं त्या गांवीं असा फिरत राहतो. एकाच जागेचा अनेकांनीं आळीपाळीनें उपयोग करावा, ही कल्पना अशा गांवांतील मनुष्यास परकी नाहीं. त्याच गांवांतील एखाद्या शिक्षकाच्या किंवा आडत्याच्या घरीं, निवृत्तीचे चार-पांच लाख रुपये हातीं आले असतां, हा सुटीचा सौदा करावा कीं न करावा असा विचार सुरू झाला, तर त्या घरानें कोणत्या कसोट्या लावाव्या? आमचें उत्तर असें कीं, त्या कसोट्या त्याच मुलखांत तयार आहेत.

पहिली कसोटी पाण्याची. सामाईक विहिरींत कोणाचा किती हिस्सा, हें आजही सातबाराच्या उताऱ्यावर इतर हक्कांच्या रकान्यांत लिहिलेलें आढळतें. आणि हिश्श्याप्रमाणें पाळीचे दिवस ठरतात. धुळें व नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम या नद्यांवरील फडपद्धति कित्येक शतकांची आहे. तींत बंधाऱ्याचें पाणी फडाफडांनीं वाटलें जाई आणि पाट साफ करण्याचें कामही सर्वांवर वांटून येई. येलदरी व सिद्धेश्वर या धरणांमुळें पूर्णा नदीचें पाणी हिंगोली, परभणी व नांदेड या भागांत कालव्यांनीं खेळूं लागलें, त्याच्या वाटपासही शेजपाळी हाच शब्द आहे. या सर्व व्यवस्थांत दोन गोष्टी समान आहेत. पाळी केव्हां येणार हें आधीं ठरलेलें असतें. आणि पाणी जितकें, त्या मानानें दुरुस्तीचें ओझें असतें. ‘पाणी असेल तर देऊं’ अशी पाळी कोणी शेतकरी विकत घेणार नाहीं.

दुसरी कसोटी सावडीची. एकाजवळ एकच बैल, शेजाऱ्याजवळही एकच. दोघांनीं जोडी करून आज तुझें, उद्यां माझें असें शेत नांगरावें, किंवा आज तुम्ही आमच्या खुरपणीस या, परवां आम्ही तुमच्या काढणीस येऊं, असा जो करार बिनकागदी चालतो तो सावड होय. दिवसाबद्दल दिवस असें त्याचें वरवरचें रूप असलें तरी शेतकरी इतका भोळा नसतो. मृग बरसल्यावर पेरणीचा दिवस आणि चैत्रांतला रिकामा दिवस यांची किंमत सारखी नाहीं, हें तो पक्कें जाणतो. ज्यानें उन्हाळ्यांतला दिवस दिला त्यानें पेरणींतला दिवस मागूं नये, हा सावडीचा अलिखित कायदा आहे. पुढें ज्या अदलाबदलीचा विचार करावयाचा आहे, तिचें मर्म एवढ्यांत आलें.

तिसरी कसोटी वतनाची. मराठेशाहींत सरकारची बाकी थकली किंवा दंड भरावा लागला म्हणजे पाटील आपली निमी पाटीलकी विकीत असे. त्या वेळच्या कागदांत विकत घेणारानें कोणते हक्क मिळविले याची बारीक याद असते: शिरपाव आधीं कोणास, पोळ्याचे बैल आधीं कोणाचे, होळीची पोळी आधीं कोणाची. आज या यादी वाचून हसूं येतें. पण त्यांत शहाणपण होतें. दोघांच्या मालकीची वस्तु घेतांना पहिला मान कोणाचा हें लिहून घेतलें नाहीं, तर पुढें सगळा व्यवहार त्याच जागीं अडतो, हें त्या लोकांस अनुभवानें कळलें होतें. इंग्रजी मुलखांत १८७४ च्या वतनकायद्यानें अशा भाऊबंदांच्या पाळ्यांची सरकारी नोंद होऊं लागली. मराठवाडा तेव्हां निजामाच्या राज्यांत असल्यामुळें तो कायदा तेथें नव्हता, पण भाऊबंदांची रीत तीच होती. आणि वंशपरंपरेनें, यावच्चंद्रदिवाकरौ चालावयाचें हें वतन १९६२ च्या कायद्यानें महाराष्ट्रांत मुलकी पाटलांचें पदच रद्द झाल्यावर संपलें.

चौथी कसोटी देवळाची. पुजाऱ्यांच्या घराण्यांत पूजेची पाळी ही मिळकत समजली जाई. ती वारशानें येई, तिचीही वाटणी होई. पण ती परक्यास विकतां येई काय? इंग्रजी अमदानींतील न्यायालयांनीं सामान्यतः असा नियम धरिला कीं, देवसेवेचा हक्क बाजारांत विकतां येत नाहीं. फार तर त्याच वारसांच्या ओळींतील मनुष्यास तो देतां येईल. म्हणजे पाळी ही मिळकत खरी, परंतु सोडून देतांना गिऱ्हाईक मिळेल अशी मिळकत नव्हे. पंढरपुरांत बडवे, उत्पात व सेवाधारी यांचे पिढीजाद हक्क १९७३ च्या कायद्यानें रद्द करण्यांत आले आणि जानेवारी २०१४ मध्यें सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानें त्यावर शेवटचें शिक्कामोर्तब झालें. ‘कायमचा’ हा शब्द कागदावर सोपा असतो. काळ त्याला मानीत नाहीं.

आतां या कसोट्या हातीं घेऊन सुटीच्या पाळीकडे वळूं. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपांत पगारी सुटीचें प्रमाण वाढलें आणि डोंगरांत व समुद्रकांठीं स्वतःचें घर असावें अशी इच्छा वाढली. पण वर्षांतून दोन-तीन आठवड्यांसाठीं सबंध घर कोणास परवडणार? १९६३ सालीं स्वित्झर्लंडमध्यें हापिमाग नांवाची मंडळी निघाली. तिनें लोकांकडून भाग घेतले, त्या पैशांनीं निरनिराळ्या देशांत घरें घेतलीं आणि भागधारकांस त्यांत राहण्याचा हक्क दिला. पुढें १९६७ च्या सुमारास फ्रान्समधील आल्प्स पर्वतांत स्यूपेर-देव्होल्युई या बर्फावरील खेळांच्या गांवीं एका कंपनीनें लोकांस असें सुचविलें कीं, खोली भाड्यानें घेण्यापेक्षां हॉटेलच विकत घेणें स्वस्त पडेल. हॉटेल म्हणजे अर्थात् हॉटेलांतील एक आठवडा.

ही कल्पना अमेरिकेंत गेली ती एका अडचणीच्या वेळीं. १९७३ च्या तेलटंचाईनंतर फ्लॉरिडांत बांधलेलीं पुष्कळ सदनिकांचीं संकुलें गिऱ्हाईकांवांचून पडून राहिलीं. सबंध घर विकलें जात नाहीं तर त्याचे आठवडे विकावे, ही युक्ति बांधकाम करणारांस सुचली. येथें वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. विहिरीची पाळी पाण्याच्या टंचाईंतून निघाली. अमेरिकेंतील सुटीची पाळी गिऱ्हाइकाच्या टंचाईंतून निघाली. पहिलींत वापरणारांनीं एकत्र येऊन वाटणी केली. दुसरींत विकणारानें एक वस्तु बावन्न गिऱ्हाइकांस विकण्याची सोय केली. या भेदामुळें व्यवहार वाईट ठरतो असें नाहीं, पण तो कोणाच्या सोयीनें घडला हें विसरूं नये.

पाळी विकत घेतलेल्या माणसाची तक्रार लौकरच ऐकूं येऊं लागली कीं, दरवर्षीं त्याच गांवीं, त्याच खोलींत जाऊन कंटाळा येतो. त्यावर उपाय म्हणून १९७४ सालीं इंडियाना प्रांतांत जॉन व क्रिस्टेल डीहान या दांपत्यानें आर. सी. आय. ही अदलाबदल करणारी संस्था काढली. दोन वर्षांनीं इंटरव्हल इंटरनॅशनल ही तिची प्रतिस्पर्धी निघाली. या संस्थांची रीत थोडक्यांत अशी: आपला आठवडा त्यांच्या सांठ्यांत जमा करावयाचा, त्यांची वेगळी वर्गणी व प्रत्येक अदलाबदलीचें शुल्क भरावयाचें, आणि सांठ्यांत जें शिल्लक असेल त्यांतून आपल्या आठवड्याच्या तोलाचें कांहीं निवडावयाचें. तोल कशावरून ठरतो? ऋतूला मागणी किती, ठिकाण कसें, खोली केवढी, आणि आपण आठवडा किती आधीं जमा केला यावरून. म्हणजे सावडीचाच नियम. ज्याचा आठवडा पावसाळ्यांतला त्याला नाताळांतला गोवा मिळणें कठीण. फरक इतकाच कीं, सावडींत दोन्ही शेजारी एकमेकांचें शेत पाहूं शकतात. येथें तोल ठरविणारा तिसराच असतो आणि त्याचा तराजू गिऱ्हाइकास दिसत नाहीं.

हिंदुस्थानांत हा व्यापार १९८० नंतरच्या दशकांत रुजला. मद्रासची स्टर्लिंग हॉलिडे रिसॉर्ट्स ही कंपनी १९८६ सालीं निघाली. महिंद्र उद्योगसमूहाची सुट्यांची कंपनी १९९६ सालीं. आपल्याकडील प्रसिद्ध नमुन्यांत वर्षाला सात रात्री, पंचवीस वर्षें, ऋतूंचे रंगावरून पाडलेले वर्ग, आणि त्यांशिवाय दरसालची देखभालीची वर्गणी अशी रचना रूढ झाली. वर्ग जितका वरचा तितकी किंमत अधिक, आणि खालच्या वर्गाच्या सभासदास गर्दीच्या दिवसांत जागा मागण्याचा अधिकार तितका कमी.

याच व्यवहाराची एक विकृत शाखा महाराष्ट्रांत फोफावली, तिचा उल्लेख केल्याविना हा इतिहास पुरा होत नाहीं. मुंबईच्या पॅनकार्ड क्लब्ज लिमिटेड या कंपनीनें हॉटेलच्या ‘रात्री’ लोकांस विकल्या. रात्री न वापरल्यास मुदतीअंतीं वाढीव रक्कम परत मिळेल अशी योजनेची घडण होती. सेबीनें जुलै २०१४ मध्यें अंतरिम आणि फेब्रुवारी २०१६ मध्यें अंतिम आदेश देऊन, ही सुटीची विक्री नसून परवान्यावांचून चालविलेली सामूहिक गुंतवणुकीची योजना आहे असें ठरविलें आणि पैसे परत करण्यास सांगितलें. त्या आदेशांतील आंकडे अंगावर कांटा आणणारे आहेत: सुमारें ५१ लाख लोक आणि सुमारें ७,००० कोटी रुपये. पुढें वसुलीसाठीं कंपनीच्या मालमत्तांच्या लिलावाची वेळ आली. यांतून एक साधा धडा निघतो. जो विकणारा ‘वापरलें नाहीं तर नफा देऊं’ असें म्हणतो, तो पाळी विकीत नाहीं. तो ठेव घेत आहे, आणि ठेव घेण्याची सनद त्याच्यापाशीं आहे काय, हाच पहिला प्रश्न विचारावयास हवा.

असो. प्रामाणिक विक्रेत्याचा प्रामाणिक सौदा गृहीत धरूं आणि जवळा बाजारच्या त्या घराचा हिशेब मांडूं. आंकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकानें आपल्या करारांतील घालावे. किंमत ५ लाख रुपये, मुदत २५ वर्षें, दरसालची वर्गणी २० हजार. तेच ५ लाख ७ टक्क्यांच्या व्याजानें ठेविले असते तर पंचवीस वर्षें दरवर्षीं सुमारें ४२,९०० रुपये काढून घेतां आले असते आणि शेवटीं रक्कम शून्य झाली असती. टाइमशेअरमध्येंही शेवटीं ती शून्यच होते, म्हणून तुलना योग्य आहे. तेव्हां पहिल्या वर्षाचा खरा खर्च सुमारें ६२,९०० रुपये, म्हणजे सात रात्रींस दर रात्रीं जवळजवळ ९,००० रुपये. जेवण, प्रवास, कर हीं वेगळीं. शिवाय वर्गणी दरवर्षीं ६ टक्क्यांनीं चढली तर बारा वर्षांत दुप्पट आणि चोवीस वर्षांत चौपट होते. एखादें वर्ष आजारपणांत किंवा लग्नकार्यांत गेलें आणि रात्री वायां गेल्या, तर उरलेल्या रात्रींचा भाव आणखी चढतो.

हॉटेलांचे भावही पंचवीस वर्षें चढतच राहणार, असा विक्रेत्याचा प्रतिवाद असतो, आणि तो खोटा नाहीं. जें कुटुंब दरवर्षीं न चुकतां बाहेर पडतें, ज्यास चांगल्या प्रतीची व स्वयंपाकाची सोय असलेली ऐसपैस जागा लागते, आणि जें शाळेच्या सुट्या टाळून कोणत्याही महिन्यांत निघूं शकतें, त्यास हा सौदा परवडूं शकतो. सेवानिवृत्त पतिपत्नी, ज्यांचीं मुलें दूर शहरांत आहेत, त्यांना तर वर्षांतून एकदां सर्वांनीं एकत्र जमण्याचें तें निमित्त होतें. आणि त्या आनंदाची किंमत व्याजाच्या कोष्टकांत बसत नाहीं, हें आम्हांस मान्य आहे.

परंतु जवळा बाजारच्या घरास वर्षाचा स्वामी कॅलेंडर नसतो, पीक असतें. जूनांत पेरणी, आश्विनांत सोयाबीनची काढणी, दिवाळीच्या आगेंमागें कापूस वेचणी, माघापासून चैत्रापर्यंत हळदीची काढणी, शिजवण, वाळवण, आणि मग ती बाजारांत नेण्याची घाई. घरांत शेती नसली आणि शिक्षकाची नोकरी असली, तरी सुटी मिळते ती मे महिन्यांत व दिवाळींत. म्हणजे अशा घरास मोकळे सांपडणारे दिवस नेमके तेच, जे साऱ्या महाराष्ट्रास हवे असतात आणि जे सर्वांत महाग वर्गांत मोडतात. खालच्या वर्गाची स्वस्त पाळी घेतली तर ती वापरावयास सवड नाहीं. वरच्या वर्गाची घ्यावी तर ती झेपत नाहीं. महाबळेश्वर किंवा गोवा येथून रात्रभराच्या प्रवासावर. सात रात्रींतील एकदोन तर थकवा घालविण्यांतच जातात. अदलाबदलीची आशा धरावी, तर सावडीचा नियम आड येतो: जो दिवस आपल्यास नको तो दुसऱ्यासही फारसा नको असतो.

आतां चार कसोट्या एकदम लावून पाहा. पाळी निश्चित आहे कीं ‘उपलब्धतेनुसार’ आहे? देखभालीचें ओझें हिश्श्याच्या मानानें बांधलेलें आहे कीं तें वाढविण्याचा अधिकार एकट्या कंपनीस आहे? गर्दीच्या दिवसांत पहिला मान कोणाचा, हें त्या निम्या पाटीलकीच्या कागदाप्रमाणें लिहून दिलें आहे काय? आणि सोडावयाची म्हटली तर वाट कोणती, किती कापून, कोणास विकतां येईल? यांपैकीं एकाही प्रश्नाचें उत्तर विक्रेत्याच्या तोंडून न घेतां करारांतील कलमावर बोट ठेवून घ्यावें. मोठ्या हॉटेलांत चहा पाजून, भेटवस्तु देऊन, ‘आजच सही केली तर सूट’ असें सांगणारी सभा भरते, तेथें तर सही मुळींच करूं नये. युरोपांतील राष्ट्रांनीं १९९४ सालीं गिऱ्हाइकास सहीनंतर निदान १० दिवस मन बदलण्याचा हक्क दिला आणि त्या मुदतींत पैसे घेण्यास बंदी केली. २००९ मध्यें संमत झालेल्या नव्या नियमांनीं ती मुदत १४ दिवसांची केली. आपल्याकडे टाइमशेअरसाठीं असा स्वतंत्र कायदा नाहीं. जी मुदत मिळते ती करारांत असेल तेवढीच. मात्र २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें, जो जुलै २०२० पासून अंमलांत आला, एक मोठी सोय केली आहे: ग्राहक जेथें राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे त्यास तक्रार नेतां येते, कंपनीच्या गांवीं खेटे घालावे लागत नाहींत; आणि करारच एकतर्फी व अन्यायकारक असल्यास राज्य आयोगाकडे दाद मागतां येते.

आमचा निर्णय असा. ज्याचे दिवस स्वतःच्या हातांत आहेत त्यानें, वरील उत्तरें कागदावर मिळाल्यास, ही पाळी घेण्यास हरकत नाहीं. तीही आधीं एखादा मुक्काम साधें भाडें देऊन करून पाहिल्यावर, आणि शक्य तर जुन्या सभासदाकडून, हस्तांतराचें शुल्क विचारून. ज्याचे दिवस पिकाच्या किंवा शाळेच्या हातांत आहेत त्यानें ती घेऊं नये. त्याचे पांच लाख ठेवींतच राहूं द्यावे आणि ज्या वर्षीं सवड व हौस दोन्ही जुळतील त्या वर्षीं व्याजांतून सर्व घरानें मिळून खुशाल प्रवास करावा. न जुळल्यास व्याज कोठें पळून जात नाहीं. विहिरीच्या पाळीला आपले पूर्वज जीव तोडून जपत, कारण पाळी चुकली तर पीक वाळे. सुटीची पाळी चुकली तर कांहींच वाळत नाहीं, फक्त वर्गणी भरावी लागते. जी पाळी गरजेंतून निघाली ती वतनासारखी जपावी. जी हौसेसाठीं घ्यावयाची तिला पंचवीस वर्षांचें वतन करूं नये, इतकेंच आमचें सांगणें आहे.